रेडकाचा सड

बेळगावात पाहुणा आला की जाताना त्याच्या हातात कुंद्याचा बॉक्स द्यायचा, हा आमचा शिरस्ता. त्या बॉक्सात जंगल किती, असं कुणी विचारलं तर तुम्ही हसाल. पण हिशेब करून बघा. कुंद्याला लागतो खवा, आणि नावाजलेला खवा म्हटलं की बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला जांबोटी-कणकुंबीचा पट्टा आठवतो. किलोभर खव्यासाठी म्हशीचं चार-पाच लिटर दूध कढईत आटवावं लागतं. म्हणजे तीन-चार लिटर पाणी जाळून उडवायचं; त्याला भट्टीखाली जळण लागतं. म्हशी चरतात रानाच्या कडेला आणि रानात. पाणी पितात ओढ्याचं. आणि तो ओढा होळीनंतरही वाहता असतो, कारण त्याच्या डोक्यावर झाडी आहे. दुकानातल्या बिलावर मात्र यातलं काही नसतं. तिथं कुंदा, वजन आणि जीएसटी एवढंच.

जंगलाची किंमत या विषयाची गुंतागुंत एवढ्यात आली. एकाच रानातून एकाला जळण मिळतं, दुसऱ्याला चारा, तिसऱ्याला पाणी, चौथ्याला देव. यातल्या फार थोड्या गोष्टींची पावती फाटते. जिची पावती फाटत नाही ती फुकट आहे असं आपण धरून चालतो, आणि पंचाईत तिथून सुरू होते.

सरकारी मराठीत ‘शाश्वत वनव्यवस्थापन’ असा एक शब्द आहे. तो कानावर पडला की मला सभागृहातले पंखे आणि थंड झालेली कॉफी आठवते. त्याचा अर्थ खानापूरच्या रानातल्या कुठल्याही गवळ्याला विचारा. म्हशीला चार सड. तीन पिळायचे, चौथा रेडकासाठी ठेवायचा. ही नुसती दया नव्हे. रेडकू जगलं, त्यात पारडी असली, तर तीन-चार वर्षांनी गोठ्यात दुसरी दुभती म्हैस उभी राहते. आणि रेडकानं ढुसण्या दिल्याशिवाय पुष्कळ म्हशी पान्हाच सोडत नाहीत. चौथा सडही पिळला तर आज लिटरभर दूध जास्त मिळेल. परवा काय मिळेल ते सांगायला गवळी लागत नाही.

हीच गोष्ट युरोपात कागदावर उतरली ती १७१३ मध्ये. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणी होत्या. खाणीत टेकू द्यायला लाकूड, धातू वितळवायला लाकूड. डोंगर बोडके व्हायला लागले. तिथला खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यानं ग्रंथ लिहून सांगितलं, जेवढं उगवतं तेवढंच तोडा. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘शाश्वत’ या कल्पनेचं मूळ तिथं दाखवतात. पुढं १८६४ मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानात वनखातं उभं केलं आणि त्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल म्हणून एका जर्मन माणसालाच, डीट्रिश ब्रँडिसला नेमलं. तिथला विचार इथं आला, पण येताना अरुंद झाला. ‘जेवढं उगवतं तेवढंच’ यातलं ‘उगवतं’ म्हणजे काय, तर साग आणि शिसव. रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर हवे होते, त्यांचा हिशेब पक्का ठेवला गेला. हिरडा, चारा, मध, अळंबी, ओढा यांना त्या वहीत रकानाच नव्हता. डोंगरउतारावर कुमरी, म्हणजे झाडी तोडून-जाळून फिरती शेती, करून नाचणी पिकवणारा माणूस त्या वहीत आला तो नासधूस करणारा म्हणून. कुमरीनं झाडी जळायची हे खरंच आहे. पण एक तुकडा काही वर्षं पडीक सोडून पुढं सरकायचं, म्हणजे रानाला सवड द्यायची, हेही त्या पद्धतीत होतं. वहीत फक्त धूर दिसला.

‘किती’ एवढंच विचारून भागत नाही

शाश्वत वापर म्हणजे कमी वापर, असा एक समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. झाडाचा कुठला भाग घेता, कुठल्या महिन्यात घेता आणि कसा घेता, यावर जास्त अवलंबून असतं. खाली पडलेला हिरडा वेचला तर झाडाला त्याचा पत्ताही लागत नाही. थोडं बी जमिनीवर राहिलं म्हणजे झालं. ऐनाच्या डहाळ्या तोडल्या तर झाड पुन्हा फुटतं, मात्र दर वर्षी त्याच झाडावर कोयता चालवला तर ते खुरटतं. साल काढणं त्याहून धोक्याचं. सगळीकडून गोलाकार सोलली तर उभं झाड वाळतं, कारण पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडं जातं. आणि मूळ खणलं की विषयच संपला. आवळे काढायला फांदीच तोडणं, शिकेकाईच्या शेंगांसाठी आख्खा वेल बुडातून ओढणं, हे आपल्या डोळ्यांसमोर होतं. माल तेवढाच हाती येतो, पण पुढच्या वर्षाचं झाड जातं.

आगे मोहोळाचंही तसंच. पोळ्याचा मधानं भरलेला गड्डा एका अंगाला असतो आणि पिल्लांचा भाग वेगळा असतो. जाणता माणूस गड्डा तेवढा कापून घेतो. घाईतला माणूस टेंभा लावून सगळंच खाली पाडतो.

या बाबतीत नरक्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. चंदगड, तिळारीपासून आपल्या खानापूरपर्यंतच्या सह्याद्रीत वाढणारं हे लहानखुरं झाड. पानं-लाकूड उग्र वासाची, म्हणून नाव असं. गुरं तोंड लावत नाहीत, जळणाला कुणी आवडीनं नेत नाही. मग कळलं की त्याच्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य आहे आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. काल ज्याला किंमत नव्हती त्याला एकदम भाव आला. मुळासकट झाडं उपटून, तुकडे करून, पोत्यात भरून ट्रक जायला लागले. हातात किलोमागं चार पैसे पडले ते तोडणाऱ्याच्या, मोठी रक्कम राहिली कुठंतरी दूर. म्हणजे किंमत न कळल्यानं जंगल जातं, तसंच ती एकाएकी कळल्यानंही जातं. ‘लोकांना जंगलाची किंमत कळली की ते आपोआप वाचेल’ असं भाषणात म्हणणाऱ्यांनी हे झाड लक्षात ठेवावं.

बांबूवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण शाश्वत वापर शिकवायला याच्यासारखा मास्तर नाही. बांबू हे गवत. त्याचा खरा जीव जमिनीखालच्या कंदात. पावसाळ्यात कोंब वर येतो आणि त्याच हंगामात पूर्ण उंची गाठतो. पुढची दोन-तीन वर्षं तो फक्त आतून पक्का होतो. त्यामुळं पहिल्या-दुसऱ्या वर्षाची काठी तोडणं हा दुहेरी तोटा. तिला ताकद नसते, कीड लगेच लागते, आणि नव्या कोंबांना अन्न पुरवणारी तीच असते. तीन वर्षांच्या पुढची तोडावी, बेटात आठ-दहा पक्क्या काठ्या ठेवाव्यात, पावसाळ्यात कोयता लावू नये, आणि जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या वर तोडावं. आमच्या बुरूड लोकांना हे पाठ असतं. सूप, रोवळी, डालगं, कणगी, प्रत्येकाला कुठल्या वयाची काठी हवी ते हात लावून सांगतात.

आता शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात काय झालं ते बघा. १९५०च्या दशकात दांडेलीत कागदाची गिरणी आली आणि तिला सरकारी रानातला बांबू टनाला दीड रुपया दरानं मिळायला लागला. बाजारात बुरुडाला तोच बांबू कैक पटींनी महाग पडत होता. पुढं बांबू संपत चालला तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि गुरांवर गेला. १९७०च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानात जाऊन बघितलं. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. ते साफ केल्यास बांबू चांगला वाढेल असं वरून ठरलं होतं, आणि साफ केलं जात होतं. गावकरी म्हणत होते, हे जाळं कोंबाचं कुंपण आहे. ते काढलं की गुरं, साळिंदरं, वानरं, सगळी कोंबावर तुटून पडतात. मोजून बघितल्यावर गावकऱ्यांचं खरं निघालं. दीड रुपयाचा भाव जेवढा बोचतो, त्याहून मला हे काट्याचं प्रकरण जास्त बोचतं. भाव ठरवताना अन्याय झाला, पण इथं विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

आणि अळंबी. पहिल्या पावसाच्या गडगडाटानंतर वारुळाजवळ उगवणारी, ज्यांच्या वाट्यांसाठी खानापूरच्या बाजारात आम्ही घासाघीस न करता पैसे काढतो. ती शेतात पिकवता येत नाहीत, कारण ती वाळवी पिकवते. वाळवी वाळलेलं लाकूड आणि पाला वारुळात नेते, त्यावर बुरशीची बाग लावते, आणि त्या बुरशीची छत्री म्हणजे आपली अळंबी. म्हणून रानातलं प्रत्येक पडकं लाकूड झाडून-पुसून जळणाला आणलं, तर काही वर्षांनी चूल पेटेल पण तव्यावर अळंबी नसतील.

पाण्याची वेळ

‘झाडं पाऊस आणतात’ हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. कणकुंबीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात सौंदत्तीला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. यात मोठा हात सह्याद्रीच्या भिंतीचा आहे. समुद्रावरून आलेले ढग तिला धडकतात, वर चढतात, थंड होतात, रिकामे होतात. झाडं हवेत वाफ सोडतात, तिचा वाटा असतो, पण मोसमी पाऊस झाडांनी बोलावला म्हणून येत नाही. उलट झाडं पाणी पितात, आणि भरपूर पितात.

मग रानाचा पाण्याशी संबंध काय? रान पाण्याची वेळ बदलतं. जुलैत पाऊस कोसळतो तेव्हा पानं, झुडपं आणि कुजलेला पाला त्याचा मार झेलतात. मुळांनी, वाळवीनं, खेकड्यांनी पोखरलेल्या मातीतून पाणी खाली जातं, जांभ्याच्या फटींत मुरतं आणि हळूहळू झिरपत मार्चमध्ये ओढ्याला येतं. झाडी गेली आणि गुरांच्या-गाड्यांच्या पायाखाली माती चोपून निघाली, तर पाऊस तेवढाच पडतो, पण दोन दिवसांत माती घेऊन खाली पळतो. झाडं जेवढं पाणी पितात, त्यापेक्षा मुरवण्यातली वाढ जास्त असेल तर उन्हाळ्यात ओढा टिकतो. म्हणून ‘झाडं लावा, पाणी वाढवा’ असं सरसकट म्हणता येत नाही. बोडक्या, चोपलेल्या जमिनीवर निलगिरी लावली तर पिण्याचं काम लगेच सुरू होतं. मुरवणारी माती तयार व्हायला मात्र कैक वर्षं जातात.

हे पाणी जातं कुठं ते नकाशावर बघण्यासारखं आहे. खानापूर तालुक्यातच दोन नद्यांचे उगम आहेत. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात सुमारे ३७ टीएमसीपर्यंत साठते, हुबळी-धारवाडला पाजते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. देगावजवळची म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते. एका डोंगरावर पडलेले दोन थेंब, एक बंगालच्या उपसागरात, एक अरबी समुद्रात. म्हादईच्या खोऱ्यातल्या कळसा आणि भंडुरा या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही, हे कळसा-भंडुराचं भांडण याच पाण्यावरून. १४ ऑगस्ट २०१८ला लवादानं निवाडा देऊन कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी दिलं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. कर्नाटकात आणि गोव्यात यावर मोर्चे निघालेत, बंद झालेत, निवडणुका लढल्या गेल्यात. ओढ्याला एप्रिलमध्ये पाणी येतं ते कुठून, हा प्रश्न मात्र या भांडणात मागच्या बाकावर.

कुणाचा फायदा, कुणाची झीज

आता गवळ्याकडं परत येऊ. त्यानं चौथा सड सोडला तर पुढची म्हैस त्याचीच असते. जंगलाचं तसं नाही. खानापूरच्या गावानं झाडी राखली, तर उन्हाळ्यातलं पाणी हुबळीच्या नळाला येतं. हवेतला कार्बन झाडं धरून ठेवतात त्याचा लाभ साऱ्या जगाला. भीमगडच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते इथंच पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि कितीतरी दशकं जगात ते फक्त इथलंच मानलं जायचं. त्याच्या असण्याचा आनंद जगभरच्या अभ्यासकांना. आणि झीज? भातात गवा घुसतो तो गावच्या. रानडुक्कर रताळी उकरतं ती गावची. हत्ती ऊस तुडवतो तो गावचा. सोडलेला सड एकाचा, दूध पिणारे दुसरे.

शास्त्रज्ञांनी यावर रकाने पाडायचा प्रयत्न केला. २००५च्या एका जागतिक अहवालानं निसर्गाच्या देणग्या चार वर्गांत मांडल्या: वस्तू, नियमन (पाणी, हवा, माती सांभाळणं), संस्कृती, आणि या तिन्हींना आधार देणाऱ्या प्रक्रिया. आपल्याकडं वनजमीन धरणाला किंवा खाणीला द्यायची तर ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावं लागतं. २००८ला सर्वोच्च न्यायालयानं त्याचे दर हेक्टरी ४.३८ लाखांपासून १०.४३ लाखांपर्यंत ठरवले होते. काही नसण्यापेक्षा हे बरं. पण यातला पैसा भरपाई-वनीकरणाला जातो, आणि वनीकरण म्हणजे कित्येकदा अकेशियाच्या सरळ रांगा. त्या उपग्रहातून हिरव्या दिसतात. आपल्या वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरवर दहा टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन. मग तिथं ऐन-किंदळ-जांभूळ आहे की काजूची बाग, हा प्रश्न पुढचा. टक्का वाढतो, अळंबी वाढत नाहीत.

लाभ घेणाऱ्यानं राखणाऱ्याला थेट द्यावं, असाही मार्ग आहे. कोस्टा रिका देशानं १९९७ पासून झाडी राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे द्यायला सुरुवात केली, त्यातला मोठा भाग पेट्रोल-डिझेलवरच्या करातून. हिमाचलातल्या पालमपूर नगरपालिकेनं २०१०मध्ये वरच्या बोहल गावाशी करार केला: आमच्या नळाला येणाऱ्या झऱ्याचं रान तुम्ही राखा, आम्ही वर्षाला दहा हजार रुपये देऊ. रक्कम किरकोळ आहे, हुबळीतल्या एखाद्या लग्नाच्या फुलांचा खर्च. पण नळाचा मालक आणि झऱ्याचा राखणदार एका कागदावर सह्या करतात, हे किरकोळ नाही. देशपातळीवर चौदाव्या वित्त आयोगानं राज्यांना करांचा वाटा देताना वनाच्छादनाला साडेसात टक्के वजन दिलं, पंधराव्यानं ते दहावर नेलं. तो पैसा राज्याच्या तिजोरीत उतरतो. तिथून आमगावच्या वाटेला लागल्याचं दिसत नाही.

आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, तळेवाडी ही भीमगड अभयारण्यातली गावं. २०११मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य झालं. पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीवर घालून खांद्यावरून आणावं लागतं, अशी तिथली स्थिती. २०२५मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांसाठी प्रत्येकी १५ लाख रुपयांवर स्थलांतर ठरलं. शहरात बसून यावर ‘हाकललं’ किंवा ‘सुटले’ असा निकाल द्यायला मी तयार नाही. ज्यांच्या पोरांना शाळेसाठी रान तुडवावं लागतं, त्यांनी जायचं ठरवलं तर ते समजतं. ज्यांना राहायचंय त्यांना कुठला हक्क आहे, एवढं मात्र ठाऊक हवं.

तो २००६च्या वनहक्क कायद्यात आहे. जमिनीच्या पट्ट्याबद्दल सगळे बोलतात. त्याहून मोलाचा सामूहिक हक्क: गौण वनोपज गोळा करणं, विकणं, चराई, आणि आपलं परंपरेचं रान राखण्याचा, त्याचे नियम ठरवण्याचा अधिकार. गडचिरोलीतल्या मेंढा गावानं २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळवला आणि २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. कधी तोडायचा, किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवते. गवळ्याचं गणित तिथं पुन्हा जुळलं: सड सोडणारा आणि पुढचं दूध पिणारा एकच.

आपल्याकडं अडचण कागदाची. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. १९३०ची सातबारासारखी कागदं रानातल्या वाडीत कुणी जपलेली असणार? असली तरी जुनी मोडीत, नवा अर्ज कन्नडमध्ये, आणि अर्जदार घरी बोलतो मराठी. सीमाभागातलं हे नेहमीचं त्रांगडं. पण कायद्याचे नियम नीट वाचले तर पुरावा म्हणून फक्त कागद मागितलेला नाही. गावातल्या वयस्कांचं लिहून घेतलेलं म्हणणं चालतं. जुनी विहीर चालते, स्मशानभूमी चालते, आणि देवाची जागाही चालते. ज्या राईत कोयता न्यायचा नाही, वाळकी काडीही घरी आणायची नाही, अशी सातेरी देवीची राई गावानं पिढ्यानपिढ्या सोडून दिली, ती आता दाव्याच्या फायलीत ‘पुरावा’ म्हणून लावता येते. तिच्यातल्या जुन्या झाडांचा घेर दोरीनं मोजा, फोटो काढा, आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडा.